आवडीची उरलेली तीस मिनिटं

इस्वास ठेवलात तर तुमी येडे, पोरांनो. नाय ठेवलात तर शाणे. बघू, शेवटपत्तुर कोण शाणं ऱ्हातंय! हस रं नवीन, दात दिसू दे.

पळसदरीची सुप्रिया, माझ्या भाचीची सून. खालापूरकडं एका खाजगी दवाखान्यात रातपाळीला बिलं करायची. पेशंटला काय केलं त्याचा नंबर कॉम्प्युटरात टाकायचा, किती वेळ केलं ते लिवायचं, अन् विम्यावाल्यांना धाडायचं. गेल्या जानेवारीतली बुधवारची रात. आवस नाय, पुनव नाय, साधा बुधवार.

सव्वा वाजता कोंडाण्याच्या जैतूनं बायकोला आणली. आवडी तिचं नाव. दारातच श्वास थांबला. डॉक्टरनं आतल्या खोलीत खाटेवर घेऊन छाती दाबायला घेतली. दहा मिनिटांत हात काढला.

"अजून दाबा की सायेब! अंग गरम हाय तिचं!"

"काही उपयोग नाही, बाबा."

दोनला जैतू तिला टेंपोत घालून घेऊन गेला. मग डॉक्टर सुप्रियाच्या टेबलाशी आला.

"छाती दाबली, चाळीस मिनिटं. टाक."

"सर, दहाच झाली ना?"

"दहा लिहिलंस तर विचारतील, एवढ्यात का सोडलं. नोकरी नकोय का तुला?"

तो वर झोपाया गेला. पोरीनं चाळीस टाकलं. बटन दाबलं. घड्याळात दोन वीस.

आतल्या खोलीत खाट करकरली.

खाट तर रिकामी...

कर्र. कर्र. कर्र. एका लयीत. तीसदा. मग थांबली. कुणीतरी कुणाच्या तरी तोंडात फुंकलं. दोनदा. परत कर्र...

सुप्रियाला वाटलं, चाळीस पुसावं, दहा करावं. बोट नेलं. घरातली तान्ही पोर आठवली... बोट तितंच ऱ्हायलं.

कर्र. कर्र.

दोन पस्तीस.

फू...

दोन चाळीस.

कर्र...

दोन पन्नास.

थांबलं.

मग सुप्रिया आत गेली. कुणी नाय. गादी मधोमध दबलेली. ठोके बघायच्या मशीनची पिन काढून ठेवलेली, तरी तिच्यातनं कागदाची पट्टी निघून पार फरशीवर लोळत होती.

तिनं उचलली. सरळ रेघ. सरळ. हातभर, दोन हात, चार हात... सरळ.

अन् अगदी शेवटाला चार ठोके. उंच. ठसठशीत. जित्या माणसाचे.

...

माझ्याकडं काय बघताय? जा आता. जा म्हणते ना!