तिसऱ्या जाळ्याचा आकडा

“किती…?”

पेमा असा विचारायचा. शेवट लांबवून, जात्यावरच्या ओवीसारखा.

मग हिरासिंग दोर टाकायचा, आकडा ओरडायचा. वल्ह्यावरचा पेमा तोच आकडा परत म्हणायचा. मगच वहीत लिहायचं. धरणातल्या मासळीच्या जाळ्यांभोवती खोली मोजून गाळ किती साचला हे कळवायचं, ही दोघांची रीत.

पटो न पटो, हे घडलंय. कळमनुरी तालुक्यातल्या धरणावर. २००४ चा मे महिना, भर दुपार. तो दोर आजही पेमाच्या घरात आढ्याला टांगलाय. खालचे तीन हात अजून ओले…

पेमाला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. पोहता येत नव्हतं, तरी अडकलेलं तिसरं जाळं सोडवायला उतरला अन् बुडाला. “पाय घसरला,” एवढंच हिरासिंगनं सांगितलं. तेव्हापासून होडीत तो एकटा. आकडा ओरडायचा तोच, परत म्हणायचा तोच. पेमाच्या अंगणात मात्र पुन्हा पाऊल टाकलं नाही.

त्या दिवशी शहरातल्या साहेबांनी नकाशा पसरला. गाळ कसा सरकतो, कुठं साचतो, ते कम्प्युटरवर काढलेलं.

“हिरासिंग, तिसऱ्या जाळ्यापाशी गाळ भरायलाच पाहिजे. तुम्ही दर वेळी अकरा हात लिहिता. दोर टाकता ना, का बसल्या जागी ठोकून देता?”

साहेब हसले. हिरासिंगला हसू आलं नाही.

“टाकतो साहेब. आता बराबर टाकतो.”

“मग परत मोजा.”

वारा पडला होता. बगळासुद्धा दिसत नव्हता. वल्ह्याचा आवाज तेवढा… अन् तोही पाण्यात विरून जात होता.

तिसरं जाळं आलं.

शिशाचं वजन खाली गेलं… खाली… टेकलं. त्यानं दोरावरच्या हात-हात अंतराच्या गाठी मोजल्या.

“अकरा!”

परत म्हणायला तोंड उघडलं…

त्याआधीच, होडीला लागून…

“ती…न…”

शेवट लांबवलेला.

हिरासिंगनं दोर वर ओढला.

तीनच हात ओला. वरचा सगळा कोरडा.

त्यानं दोर पुन्हा टाकला. पुन्हा अकरा गाठी पाण्यात गेल्या.

“अकरा रे पेमा… अकरा!”

“ती…न…”

पुन्हा तीनच हात ओला.

हा आकडा कुठल्याच वहीत नव्हता. तो फक्त दोघांना माहीत होता. त्यातला एक गेला होता.

दिवस कलताना हिरासिंग तांड्यावर पोचला. पेमाची बायको भिकाबाई शेळीला पाला टाकत होती.

“या भावजी. दोन वर्षांनी वाट सापडली व्हय? अन् हा दोर काहून घेऊन आले?”

त्यानं दोर तिच्या पायाशी ठेवला.

“वैनी, पेमाचा पाय घसरला न्हवता. उतरायच्या आधी त्यानं इचारलं, किती? मी बिडी पेटवून राहिलो होतो. अंदाजानं तीन म्हनलो. त्यानंबी तीन म्हनलं… अन् छातीभर पानी समजून उतरला.

दोर मी टाकलाच न्हवता.”