पहिल्या वेचणीचा मान

माझ्या थोरल्या मुलीचं, प्रियंकाचं लग्न झालं ते साल २००६. त्याच साली दिवाळीनंतर घाटंजीजवळच्या आमच्या वावरात आम्ही कापसाची सीतादही केली. वेचणी सुरू करण्याआधी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दगड मांडायचे, दहीभात ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यात चपळ बाईने पहिलं बोंड वेचून तो कापूस दगडांवर वाहायचा, ही आमच्या घरची रीत. इतकी वर्षं तो मान माझ्या बायकोचा, शकुबाईचा होता. त्या साली आईने तो धाकट्या सुनेला, कांताला दिला.

सगळे भात खायला बसले, तेव्हा शकूने कांताचा कापूस दगडावरून उचलून कमरेला खोचला.

"काहून उचलला वं?" मी विचारलं.

"तिचं जे हाये ते मले पाह्यजे. सारंच."

वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. बाया बोटांना चिंध्या बांधून वेचतात. कांताने त्याच आठवड्यात चिंध्या सोडल्या आणि दोन्ही हातांनी ओरबाडत सुटली.

"मले लागतच नाही, बाई," ती रक्ताळलेली बोटं शकूला दाखवायची.

"दाखवू नको. माज आला तुले."

शकूच्या बोटांवर एकही ओरखडा नव्हता. पण ती हात काखेत दाबून तासच्या तास धुऱ्यावर बसायची. एकदा कांताने तापलेला तवा नुसत्या हाताने उतरवला आणि न्हाणीत शकू किंचाळली. फोड कांताच्या तळहाताला आले.

मी दोघींना यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी कांताला डोळे मिटायला लावून पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचली.

"कळलं?"

"काय जी?"

दाराबाहेर बाकावर बसलेल्या शकूने पाय झटकन वर घेतला. "अगं माय!"

"नसा मेल्यात," डॉक्टर मला म्हणाले. "साखरेने मरतात, दारूने, महारोगाने, फवारणीच्या औषधाने, जीवनसत्त्व कमी पडलं तरी. हिच्यात यातलं काहीच सापडत नाही."

"अन् मंग दुखणं कुठं जाते, साहेब?"

ते हसले. त्यांना तो प्रश्न अडाणी वाटला असेल.

परतताना एसटीत मी शकूला म्हणालो, "तो कापूस देऊन टाक तिले."

"अन् मान तिचाच ठेवू? लागते मले, अन् नाव तिचं होते. पुढच्या साली सीतादही मीच करीन."

शेवटच्या वेचणीला कांता सगळ्यांच्या पुढे, पार नाल्याकडे गेली होती. शकू माझ्याजवळ होती. वेचता वेचता ती एकदम खाली बसली.

"डसलं."

मी तिचा पाय पाहिला. काही नव्हतं. माती झटकून पुन्हा पाहिला.

तेवढ्यात नाल्याकडून माझा भाऊ उकंडा ओरडला. त्याने नाग मारला होता. कांताच्या घोट्यावर दातांच्या दोन खुणा होत्या.

"मले काई झालं नाही," कांता म्हणत होती.

सगळ्यांनी तिला उचलून जीपमध्ये घातलं.

शकूची जीभ जड झाली होती. पापण्या मिटत होत्या.

"इथंबी तीच पुढं?" ती म्हणाली.

जीप गेली.

कांताला दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. ती आजही कापूस वेचते. माझी बायको शकुबाई २००७ सालच्या महाशिवरात्रीला, त्याच दुपारी, वावरातच वारली.