रिकाम्या घरावरचं व्याख्यान

फुकट व्याख्यानाला कोण येतं हे मला वीस वर्षांत तोंडपाठ झालं आहे. वेळ जात नसलेली माणसं, बाहेर उकडतं म्हणून आत शिरलेली माणसं, आणि "कॅमेरा किती मेगापिक्सेलचा?" एवढंच विचारायला घरून निघालेले एक गृहस्थ. त्या दिवशी दुपारी साडेचारला अशी तेवीस डोकी जमली होती. त्यातली निम्मी आमच्या कलादालनातल्या एसीसाठी आली होती.

प्रदर्शनाचं नाव मीच ठेवलं होतं, 'रिकामं घर'. फोटो काढणाऱ्या बाई शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या. स्वतःच्या तीन खोल्यांचे चाळीस डिजिटल फोटो त्यांनी काढले होते. उजेडाची समज, मान्य करतो, उत्तम. पण प्रत्येक फोटोत त्यांची धाकटी बहीण हजर. कुठे भाजी निवडत, कुठे चष्मा शोधत, कुठे नुसतीच बसलेली. चांगल्या चौकटीची पार माती. मी आमच्या कॉम्प्युटर ऑपरेटरला सांगितलं, बहीण काढून टाका. मंगळवारी दुपारी त्यानं ती चाळीसही फोटोंतून पुसली आणि त्या शहाण्यानं मूळ फायलींवरच सेव्ह केलं. बाईंना विचारायची मला गरज वाटली नाही. हौशी लोकांना विचारत बसलं तर एकही प्रदर्शन उभं राहणार नाही.

मी 'अनुपस्थितीचं सौंदर्य' समजावून सांगत होतो. माना डोलत होत्या, डोक्यात काही शिरत नव्हतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाई उठल्या.

"धाकटी दिसत नाही कुठे."

"रचनेसाठी काही गोष्टी वगळाव्या लागतात, बाई."

"फोटोतलं नाही म्हणत मी. घरीच दिसत नाहीये. मंगळवारी दुपारी समोर बसली होती. मी गॅस बंद करायला वळले, तेवढ्यात नाहीशी. दाराला आतून कडी होती हो."

"मग पोलिसांत कळवा," मी म्हणालो. मागे कुणीतरी हसलं. मलाही हसू आवरेना.

मी पुढचा फोटो लावायला सांगितला. बंद टीव्ही आणि त्याच्यासमोर रिकामी खुर्ची. बाई थेट पडद्यापाशी गेल्या आणि टीव्हीच्या काळ्या काचेवर त्यांनी बोट ठेवलं.

"ही बघा."

ऑपरेटरनं तेवढा भाग मोठा केला. काचेत धाकटीचं प्रतिबिंब राहून गेलं होतं. गाढवानं खुर्ची साफ केली आणि काच विसरला. मला संताप आला. मग नीट बघितलं. मूळ फोटोत ती मान खाली घालून वाचत होती, हे मला पक्कं आठवत होतं. काचेतली ती आमच्याकडे बघत होती. दोन्ही तळवे काचेला आतून टेकवलेले.

बाईंचा फोन वाजला.

"घरचा नंबर," त्या पुटपुटल्या. "घरी तर कुणीच नाही." त्यांनी स्पीकर लावला. आधी नुसता श्वास, धाप लागलेल्या माणसाचा. मग एक बारीक आवाज.

"ताई, हे बोट तुझंच ना?"

मी घाबरलो होतो, आणि असल्या लोकांसमोर घाबरलो याचाच मला जास्त राग आला.

"डाग आहे तो," मी मोठ्यानं म्हणालो. "काढायचा राहिलाय. काढा हो, आत्ता, सगळ्यांसमोर."

"नको!" बाई किंचाळल्या. "एवढीच उरलीय ती."

ऑपरेटरनं माऊसवरचा हात उचलला.

"काढा म्हटलं ना."

पडद्यावर ब्रश दोनदा फिरला.

श्वास थांबला. फोन मात्र चालूच होता.

बाई वळल्या. चेहरा अगदी शांत. हातातल्या फोनकडे बघून त्या ओशाळल्या.

"माफ करा हं, मध्येच वाजला. मी एकटीच राहते, बंद करायचं लक्षातच राहत नाही."

त्या जागेवर जाऊन बसल्या.

"सर," ऑपरेटर दबक्या आवाजात म्हणाला. "अजून सेव्ह केलेलं नाही. आधीचं परत आणू?"

एक बटण दाबायचं होतं. मग मात्र या तेवीस जणांना सांगावं लागलं असतं, की मी चुकलो. या लोकांना.

"सेव्ह करा," मी म्हणालो आणि व्याख्यान संपवलं.

टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त वेळ बाई वाजवत होत्या.