भरावावरचा डबल

पूर्वा, ती बाल्कनीची लाइट बंद कर बेटा, डास येतात. हां. देवांश, तूही बस असा पुढे.

तुम्ही पोरं त्या पिक्चरी बघता ना, माणूस पुढे पळतोय आणि पोलिस मागे? तशीच एक आपल्या इकडे बनली होती. ती बनत असताना जे झालं, ते सांगतो. ज्याच्यावर गुजरलं तो ज्ञानदीप आपल्या महूतलाच, दोन गल्ल्या सोडून राहतो. त्याच्या तोंडून ऐकलंय, तेही एकदाच. दुसऱ्यांदा विषय काढला तर उठून जातो.

दोन हजार तेवीसचा डिसेंबर, चौदा तारीख, गुरुवार. अमावास्या होऊन दोन दिवस झालेले. ज्ञानदीप संध्याकाळी सहाला इंदूरला, अन्नपूर्णेच्या भागात, एका शिंप्याकडे पोचला. काम साधं होतं. पिक्चरच्या हीरोची दोन तपकिरी जाकिटं उसवली होती, ती शिवून घ्यायची आणि आठच्या आत बेटम्याच्या पुढे शूटिंगवर पोचवायची. शिंपी म्हणाला, "दस मिनट, भिया." ज्ञानदीपने समोरच्या गाडीवर गराडूचे तळलेले काप खाल्ले. मग जाकिटं डिकीत टाकली आणि धारच्या रस्त्याला लागला.

दोन्ही जाकिटं अगदी सारखी. एक हीरोचं, एक त्याचं. कारण ज्ञानदीप त्या पिक्चरमध्ये डबल होता. म्हणजे तोंड हीरोचं आणि लांबून दिसणारे पाय ह्याचे.

आणि हीरो कोण, तर यशवर्धन. ह्याचाच दोस्त.

दोघं कॉलेजपासून नाटकात. यशवर्धन अन्नपूर्णेचा, होळकरांच्या जुन्या सरदारांच्या घराण्यातला, उंचापुरा, बोलण्यात साखर. ज्ञानदीप फौजी माणसाचा नातू, कमी बोलणारा. महूतल्या ह्याच्या खोलीत दोघांनी रात्ररात्र जागून फरारी माणसांच्या पिक्चरी पाहिल्या. यशला त्यातले डायलॉग पाठ. ज्ञानदीप मात्र पळणं बघायचा. पाठलाग होणारा माणूस खांदे कसे धरतो, वळून कधी बघतो, दम लागल्यावर तोंड कसं उघडतं. सकाळी उठून ग्राउंडवर तसं पळून बघायचा. लोक हसायचे.

मग मुंबईची पार्टी आली. इंदूरचा एक कारकून मालकाचा खून करून गुजरातच्या सरहद्दीपर्यंत पळतो, अशी गोष्ट. ज्ञानदीपने तीन महिने तयारी केली. ऑडिशनच्या दिवशी यशला म्हणाला, "चल ना यार, सोबतीला." यश नुसता सोबतीला गेला. बाकावर बसून चहा पीत होता. डायरेक्टरबाईंनी त्याला पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम भी पढ़ के देखो."

झालं. रोल यशला. आणि ह्याला म्हणाल्या, "अंगाने तुम्ही दोघं सारखेच आहात. डबल करशील?"

नाही म्हणता आलं असतं. पण म्हणाला नाही. मला म्हणाला होता, "काका, दूर जाऊन जळण्यापेक्षा जवळ राहून जळलेलं बरं वाटलं."

तर त्या रात्री. बेटम्याच्या पुढे, रस्त्यापासून आत, नव्या रेल्वेलाइनचा मातीचा भराव घातलेला होता. रूळ नव्हते. दोन मजले उंच भराव सरळ जायचा आणि नाल्यापाशी एकदम तुटायचा, कारण पूल अजून व्हायचा होता. खाली दगड आणि उभ्या सळ्या. तुटलेल्या टोकाच्या दोनशे पावलं अलीकडे लाल फीत बांधली होती. डबलने मोरीपासून पळत यायचं आणि फितीपाशी थांबायचं. भरावामागे मोठा लाइट, समोरच्या गव्हात कॅमेरा. दिसणार फक्त काळी आकृती.

ज्ञानदीपने जाकिटं दिली, चहा घेतला. आणि तंबूच्या मागून यशचा आवाज ऐकला. यूट्यूबवाली एक पोरगी मोबाइल धरून त्याची मुलाखत घेत होती.

"सर, इतना भागने के लिए डबल तो होगा?"

"अरे नाही हो," यश हसला. "दौड़ना सब अपना ही है. डबल-बिबल काही नाही."

चहा तसाच राहिला. ज्ञानदीपने ठरवलं, आज पळायचंच नाही. ॲक्शन म्हटल्यावर बसून राहायचं. रिकामा भराव दिसू दे सगळ्यांना. पाय कोणाचे होते ते कळू दे.

जाकीट चढवून, वॉकीटॉकी घेऊन तो एकटाच मोरीपर्यंत चालत गेला. भरावातून पाणी जायला जी मोरी असते, तिच्या तोंडाशी दगडावर बसला. थंडी मरणाची होती. गव्हाला पाणी दिलेलं, त्याचा वास.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी वॉकीटॉकी खरखरला. "रोलिंग... ॲक्शन!"

हा हलला नाही.

आता शिव्या येतील म्हणून वाट बघत बसला. एक सेकंद. दोन. तीन...

मग डोक्यावर, भरावाच्या मातीवर पावलं वाजली.

कोणीतरी पळत होतं. अनवाणी. धाप लागलेली, आणि त्या धापेत बारीकसं कण्हणं. पावलं ह्याच्या डोक्यावरून गेली, पुढे गेली. माती घरंगळून ह्याच्या मानेवर पडली.

मग वॉकीटॉकीवर डायरेक्टर मधुरिमा ओरडल्या, "कट! कट! अरे ज्ञानदीप... क्या भागा है तू!"

मागे टाळ्या.

बघा हं. पहिल्यांदा भीती नाही वाटली त्याला. आग वाटली, आग. त्याला वाटलं यशच पळाला. मुलाखतीतलं खोटं खरं करायला आला आणि उरलेलं होतं तेही घेऊन गेला. तो तरातरा चालत तंबूपाशी आला.

यश शाल पांघरून खुर्चीत बसला होता. पायात बूट, बुटांना चिखलाचा ठिपका नाही.

"ये इकडे, बघ," मधुरिमा म्हणाल्या. त्यांनी मॉनिटरवर टेक पुन्हा लावला.

काळी आकृती. तेच जाकीट. पण पळणं... ज्ञानदीप बघतच राहिला. तीन महिने ग्राउंडवर जे शोधत होता, ते समोर होतं. मान खांद्यांत गेलेली. वळून बघायची हिंमत नाही, तरी वळतोय. एकदा गुडघ्यावर पडला आणि उठला, तो जनावरासारखा उठला. हे नाटक नव्हतं. ह्याच्या मागे खरोखर कोणीतरी होतं.

"एवढं खरं तू आजवर कधी केलं नाहीस," मधुरिमा म्हणाल्या. "काय केलंस आज?"

सगळे ह्याच्याकडे बघत होते. यशही. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा यशच्या डोळ्यांत ते दिसलं, जे रोज आरशात ह्याला स्वतःच्या डोळ्यांत दिसायचं. हेवा.

तेवढं पुरलं त्याला. म्हणाला, "हो. मीच होतो तो."

आतून काहीतरी सांगत होतं, नको म्हणू. पण म्हणून झालं.

"वन मोर," मधुरिमा म्हणाल्या. "आता शेवटी थांबून कॅमेऱ्याकडे बघायचं आहे."

यश उठला. "मग हा टेक मी करतो. चेहरा दिसणार म्हणजे मलाच पळायला पाहिजे."

शाल फेकून जाकीट चढवलं. जाताना ज्ञानदीपच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज हसरा, पण हात जड. "भिया, टिप तर दे. जमलं कसं?"

इथे सांगता आलं असतं. तिथे जाऊ नकोस, तिथे कोणीतरी आहे, एवढंच. तेवढे शब्द पुरे होते.

ज्ञानदीप म्हणाला, "काही नाही रे. मनापासून पळायचं."

यश अंधारात गेला.

दहाला पाच कमी होते. "ॲक्शन!"

मॉनिटरवर यश आला. बरा पळत होता. बरा, एवढंच. ज्ञानदीपला हसू आलं.

मग मधुरिमा पुढे वाकल्या. "आगे कौन है?"

"कोणी नाही मॅडम," वॉकीटॉकीवाला बंटी म्हणाला. "भराव रिकामा आहे."

रिकामा नव्हता.

यशच्या दहा पावलं पुढे दुसरा होता. तसंच जाकीट. तीच मान, तेच खांदे. यश जोर लावायचा, तर तो पुढे जायचा. यश ढेपाळला, तर हळू व्हायचा. मागे वळून बघायचा... थांबल्यासारखा व्हायचा... जवळ येऊ द्यायचा. मग पुन्हा पुढे.

"कट," मधुरिमा म्हणाल्या. मग ओरडल्या, "कट! यश, स्टॉप!"

यशने ऐकलं नाही.

लाल फीत आली. पुढचा तिच्यातून गेला. फीत हलली नाही.

यशने ती छातीने तोडली.

ज्ञानदीप पळाला.

गव्हातून, चिखलातून. एक बूट चिखलात राहिला. चढण हातापायांनी चढला. कॅमेरा नाही. कोणी बघत नाही. डोक्यात एकच... मी सांगितलं नाही. मी सांगितलं नाही.

वर पोचला तेव्हा यश समोरून येत होता. तोंड उघडं. डोळे ह्याच्यावर नाहीतच. ह्याच्या पलीकडे... जिथे भराव संपतो तिथे.

ज्ञानदीपने अंग झोकलं. दोघं पडले. यशचे पाय टोकाबाहेर गेले. माती खाली गेली. क्षणाने दगडांवर वाजली.

मग सगळं शांत.

आणि त्या शांततेत, खाली नाही, वर नाही, पुढे... जिथे जमीनच नव्हती तिथे... पावलं. अनवाणी. पळत दूर जाणारी. मग तीही नाहीत.

यश धापा टाकत होता. म्हणाला, "तू पुढे होतास. सारखा पुढेच. मला फक्त एकदा... तुला गाठायचं होतं."

"मी नव्हतो रे. पहिल्या टेकलाही मी नव्हतो. मी मोरीत बसलो होतो."

  लोक टॉर्च घेऊन वर आले तेव्हा यश बाजूला सरकला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्याने मला मारायला नेलं. पुढे हाच पळत होता."

मधुरिमा म्हणाल्या, ज्ञानदीप माझ्या शेजारी उभा होता. बंटीनेही सांगितलं. पण यशच्या मनात जे बसलं ते बसलं. दोघांची बोलचाल त्या रात्री संपली, ती आजतागायत.

दुसऱ्या दिवशी मधुरिमांनी गावात चौकशी करवली. कोणी धड बोलेना. एका म्हाताऱ्याने फक्त तोंडातली बिडी काढली आणि विचारलं, "पूल बन गयो कई?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "तो वो हथकड़ीवाला फिर भागेगा ही," आणि बिडी पुन्हा तोंडात घातली.

दुसरा टेक त्यांनी पुसून टाकला. पहिला मात्र पिक्चरमध्ये ठेवला. ज्ञानदीपने हात जोडून सांगितलं, काढा तो. त्या म्हणाल्या, पिक्चरमध्ये तेवढंच तर खरं आहे. आज लोक त्याच पळण्याची तारीफ करतात. ह्याला फोन येतात, मुंबईहून सुद्धा. हा उचलत नाही. मला म्हणाला, "काका, खरं सांगू? जीव वाचला, दोस्त गेला, सगळं झालं. पण तो सीन कुठे लागला ना, की अजून जळतो मी. मला तसं कधी जमलं नाही."

 मला वाटलं, संपलं.

जयाताई, त्याची आई, तेव्हा चहा घेऊन आल्या. कप घ्यायला ह्याने हात पुढे केला आणि बाही वर सरकली.

उजव्या मनगटावर गोल काळानिळा वळ होता. बांगडीसारखा, सारख्या जाडीचा, पूर्ण वेढा. एका जागी कातडी चिमटल्यासारखी, जिथे हातकडीचं कुलूप बसतं तिथे.

"हे कधीचं?" मी विचारलं.

"पंधरा तारखेच्या सकाळी अंघोळ करताना दिसलं."

"कोणती पंधरा? ह्या महिन्यातली?"

त्याने बाही खाली ओढली.

"डिसेंबरची, काका. तेवीस सालची."

आणि आमचं हे बोलणं चाललं होतं ते गेल्या दिवाळीत.