मंद वाऱ्याची पवनचक्की

"पवनचक्कीनं माझ्या नवऱ्याचा जीव घेतला म्हणतात," समोर बसलेल्या बाई म्हणाल्या. "ब्रेक उघडा ठेवला म्हणून उद्या सकाळी आमच्या वेल्डरला पकडून नेणार आहेत. बारा वर्षांत त्यानं साधा पाना कधी भलतीकडे ठेवला नाही हो!"

टाचणीबाई खुर्चीत पुढे सरकल्या. अंगाने काटकुळ्या आणि नजरेने टोकदार, म्हणून गावाने त्यांना हे नाव दिले होते. गुन्ह्यांचा खाजगी तपास हा त्यांचा धंदा. टिपणे घ्यायला त्यांचे धाकटे दीर, भाऊजी. पोट मोठे, अक्षर सुरेख, डोके सावकाश चालणारे. हे भाऊजींचे स्वतःचेच मत होते.

बाईंनी रुमाल सोडला. आत आठ नट होते.

"हे त्यांच्या खिशात निघाले. पोलीस म्हणाले, दुरुस्ती करत असतील."

"त्या सकाळी काही बोलले होते?"

"चहा घेताना म्हणाले, 'आज माझ्याच यंत्राची परीक्षा घेणार आहे. नापास झालं तर मला शांत झोप लागेल.' असं कुणी बोलतं का?"

भाऊजींनी ते जसेच्या तसे लिहून घेतले. कळले मात्र काही नाही.

बाईंच्या नवऱ्याच्या कारखान्याच्या गच्चीवर त्यांनीच बनवलेली पवनचक्की उभी होती. मध्ये एक खांब आणि त्याभोवती माणसाच्या उंचीची तीन उभी पाती. वेल्डरचे डोळे सुजले होते.

"साहेबांना अगदी कमी वाऱ्यात चालणारी चक्की हवी होती," तो म्हणाला. "ही बाहेरची पाती पळायला हुशार, पण उठायला महाआळशी. म्हणून मधल्या खांबाला पिंपांचे अर्धे तुकडे बसवले. ते वारा धरतात, पात्यांना पहिला धक्का देतात."

"आणि पिंपं नसली तर?"

"मग झुळकेची काय बिशाद! ढिम्म हलणार नाही."

भाऊजींनी पाहिले, खांब उघडाबोडका होता. पिंपांचे चार तुकडे पाण्याच्या टाकीमागे नीट रचून ठेवले होते.

"मी नाही काढले. सकाळी होते जागेवर," वेल्डर म्हणाला. "मी पत्रा आणायला गेलो होतो. परत आलो तर साहेबांची मान पातं आणि कठड्याचा खांब यांच्यामध्ये अडकलेली. मी पातं मागं ओढतोय, तर ते पुढंच रेटतंय! मी बोंब ठोकली, तेव्हा एकदम सैल पडलं. खाली फोन करायला धावलो. खोलीतला दिवा नुसता मिणमिणत होता."

"दिवा कशावर चालतो?"

"चक्की ज्या बॅटरीत वीज भरते, तिच्यावरच. मी निघालो तेव्हा लख्ख होता."

"ब्रेक कोण लावतं?"

"जो गच्चीवर येईल त्यानं स्वतः लावायचा, साहेबांचा नियम. पण आधी वर मी होतो, म्हणून पोलीस मलाच धरतात. लावला की खालच्या खोलीत लाल दिवा पेटतो."

खालच्या खोलीत बाईंचा थोरला भाऊ बसला होता. बाई त्याला दादा म्हणत. वाऱ्याची आणि चक्कीची मोजमापे तोच लिहायचा.

"लाल दिवा पेटला होता?"

"नाही. वर कुणी आहे हे मला कळणार कसं?"

टाचणीबाईंनी मोजमापांची वही उघडली. अपघाताच्या दिवशीची नोंद होती: अकरा वाजून दहा मिनिटे, वारा सेकंदाला दोन मीटरही नाही, चक्की सुरू.

"एवढ्याशा वाऱ्यात?"

"महिनाभर होतेच आहे तशी. पुढच्या आठवड्यात चक्कीत पैसे घालणारे मोठे लोक बघायला येणार होते."

"तुम्ही नंतर वर गेलात?"

"माझ्याच्यानं नाही बघवलं. अजून जिन्याकडे पाय वळत नाही."

बाहेर आल्यावर भाऊजी कुजबुजले, "वहिनी, मला वेल्डरच वाटतो. पिंपं काढणं हे त्याचंच काम."

"भाऊजी, नट कुणाच्या खिशात होते?"

भाऊजींनी वही चाळली आणि नटांच्या ओळीखाली रेघ ओढली.

दुपारी टाचणीबाईंनी सगळ्यांना त्याच खोलीत बसवले.

"दादा, चक्की सुरू कशी झाली तेवढं सांगा."

"मधल्या पिंपांनी झुळूक धरली असेल, आणि..."

टाचणीबाईंनी रुमाल टेबलावर मोकळा केला. "पिंपं खांबावर नव्हती. हे त्यांचे नट."

दादाने वहीवरचा हात मागे घेतला.

"वाऱ्यानं चक्की फिरली तर वीज येते," टाचणीबाई म्हणाल्या. "उलट, बॅटरीतून वीज दिली की तीच पंख्यासारखी फिरते. वाऱ्यानं फिरली असती तर बॅटरी भरली असती, ती उतरली, म्हणून दिवा मिणमिणत होता. पातं मानेशी अडलं तरी रेटत राहिलं, आणि वेल्डरची बोंब ऐकू येताच सैल पडलं. वीज सोडायचं बटण या खोलीत आहे. आणि त्या वेळी या खोलीत तुम्ही होतात."

"मी फक्त सुरुवातीचा धक्का देत होतो," दादा पुटपुटला. "महिनाभर. वारा कमी असला की. त्यांचं इतक्या वर्षांचं काम त्या लोकांसमोर फुकट जाऊ नये म्हणून. शपथ घेतो, ते वर आहेत हे मला ठाऊक नव्हतं."

"ते मला पटतं. लाल दिवा नव्हता, कारण परीक्षेसाठी चक्की मोकळी हवी म्हणून ब्रेक त्यांनी मुद्दाम उघडा ठेवला होता. पण मरण पाहूनही तुम्ही गप्प राहिलात आणि या वेल्डरला तुरुंगात जाऊ देत होतात. त्याला माफी नाही."

वेल्डर खाली मान घालून रडू लागला. भाऊजींना आपल्या संशयाची लाज वाटली.

बाईंनी टेबलावरचा एक नट उचलला. "म्हणजे त्यांना दादाचा संशय आला होता? त्याला पकडायला पिंपं काढली?"

"आकडे त्यांच्या गणिताशी जुळत नव्हते. पिंपांशिवायही चक्की फिरली, तर कुणीतरी लबाडी करतंय. नाही फिरली, तर घरचा माणूस खरा." टाचणीबाईंचा आवाज उतरला. "म्हणून यंत्र नापास व्हायला हवं होतं त्यांना. आणि बाई, संशय पक्का असता तर ते लांब उभे राहिले असते. पात्याच्या वाटेत मान घालून उभे होते, कारण त्यांचा तुमच्या दादावर विश्वास होता."

दादाने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

बाई उठल्या. "वेल्डरदादा, तुम्ही घरी जा. तुमची माणसं वाट बघत असतील." मग त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "चल, पोलिसांकडे जाऊ. मी येते बरोबर. परत मात्र एकटीच येईन."

फाटकापाशी भाऊजींनी मागे वळून पाहिले. आता चांगला वारा सुटला होता. त्यांच्या वहीची पाने फडफडत होती. पिंपांवाचून गच्चीवरची चक्की जागची हलली नाही.