पिवळा चिमटा

घड्याळवाल्याची आणि पाटीवालीची ओळख शिडीमुळे झाली. भाड्याने घेतलेल्या नव्या दुकानाची पाटी रंगवून घ्यावी म्हणून तो रस्ता ओलांडून समोर गेला, तर बाई शिडीवर, केसांत ब्रश खोचलेला आणि खांद्यावर मान वाकडी करून धरलेला फोन.

"तुम्ही... हो, तुम्हीच! शिडी धरा जरा."

त्याने धरली. चांगली वीस मिनिटं धरली. तेवढ्या वेळात तिने बेकरीवाल्याला धीर दिला, दातांच्या डॉक्टरांना दटावलं ("पाटीवर एवढे दात दाखवलेत तर पेशंट पळून जातील, डॉक्टर"), आणि रोपवाटिकेच्या काकूंशी हिरव्या रंगाच्या तीन छटांवरून वाद घालून तो जिंकलासुद्धा. मग खाली उतरून म्हणाली, "बोला. तुमची काय घाई?"

घाई होतीच. महिनाअखेर दुकान उघडायचं होतं. पण तिच्या गालावर निळ्या रंगाचा एवढासा ठिपका होता, आणि त्याच्याकडे बघता बघता हा बोलून गेला, "माझी? छे... काहीच घाई नाही."

"अकरा वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं!" ती हसली आणि त्याच्या कामाची चिठ्ठी पिवळ्या चिमट्याने दोरीला लावली.

ही दोरी म्हणजे तिचा सगळा कारभार. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली, तिला कपडे वाळत घालायचे चिमटे, प्रत्येक चिमट्यात एका गिऱ्हाइकाची चिठ्ठी. नवं काम उजव्या टोकाला लागायचं आणि एकेक पुढचं काम संपलं की डावीकडे सरकायचं. अगदी डावीकडचं काम आजचं. कोपऱ्यातल्या खुर्चीत तिचे बाबा बसलेले असत. दुकान मुळात त्यांचं, पण हात थरथरायला लागल्यापासून ते पेपर वाचत आणि चुका काढत.

घड्याळवाला रोज येऊ लागला. कधी अक्षराचं वळण विचारायला, कधी रंग बघायला, कधी नुसताच. तो एका वेळी एकच घड्याळ उघडणारा माणूस, त्यामुळे तिला बघून त्याचं तोंड उघडंच राहायचं. दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात. हिचे नऊ दगडांवर होते आणि तोल म्हणून जात नव्हता! बेकरीवाल्याच्या मुलीची परीक्षा तिच्या लक्षात, काकूंचं गुडघ्याचं दुखणं लक्षात. प्रत्येकाला वाटे, बाईंनी आपलंच काम हातात घेतलंय. तो मनापासून तिच्या प्रेमात पडला, आणि तसं त्याने स्वतःशी कबूलही केलं.

इकडे पिवळा चिमटा डावीकडे सरकत होता. पाटी झाली की येण्याचं निमित्त संपलं... एकदा ती रंग आणायला आत गेली तेव्हा त्याने आपला चिमटा हळूच काढून उजव्या टोकाला लावला. बाबा खोकले आणि त्यांनी पेपर वर धरला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिची पावलं वाजली, याची धांदल उडाली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका दारात उभ्या राहिल्या.

"उद्या नवी इमारत सुरू होतेय. बारा खोल्यांच्या बारा पाट्या तयार आहेत ना?"

पाटीवालीने दोरीकडे पाहिलं. शाळेची चिठ्ठी पार उजव्या टोकाला, सगळ्यांच्या मागे. तिच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. "संध्याकाळी सहाला न्या, बाई."

बाई गेल्या आणि ती मटकन रंगाच्या डब्यावर बसली.

"बाबा, चिमटाच चुकीच्या जागी लावला मी. अकरा वर्षांत कधी झालं नव्हतं. नाही पेलत मला आता एवढं. डॉक्टरांना, काकूंना नाही म्हणून कळवते. निम्मी कामं सोडते." आणि तिने खरंच काकूंना फोन लावायला घेतला.

घड्याळवाला दारात चहाचे कप घेऊन उभा होता. गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं. बोलला तर या दुकानाचं दार कायमचं बंद. त्याने कप खाली ठेवले.

"फोन ठेवा. चूक तुमची नाही... तो चिमटा मी हलवला."

"काय?"

"माझा हलवायला गेलो. शाळेचाही पिवळाच होता."

"तुमचा तरी कशाला हलवायचा?"

"माझी पाटी झाली असती. मग... मी कोणत्या तोंडाने रोज आलो असतो?"

तिने फोन बाजूला ठेवला.

"तरी म्हटलं," पेपरामागून बाबा बोलले, "एका पाटीसाठी माणूस इतका का झिजतोय."

"बाबा! तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दोन वेळचं. तिसऱ्या वेळी चष्मा पुसत होतो."

ती उभी राहिली. डोळे भरले होते आणि नाकाचा शेंडा लाल झाला होता. "ही दोरी म्हणजे माझं डोकं आहे! माझ्या डोक्यात हात घातलात तुम्ही. चालते व्हा... नाही, थांबा. हात स्थिर आहेत ना तुमचे? बसा इथे."

ती अक्षरांच्या कडा काढत गेली आणि तो आतला रंग भरत गेला. दिवसभर "ब्रश धुवा" आणि "वाळू द्या" यापलीकडे ती त्याच्याशी बोलली नाही. मध्येच बेकरीवाल्याचा फोन आला तर आवाज तोच, साखरेत घोळलेला. काय बाई आहे ही, असं त्याच्या मनात आलं. सहाला बाराही पाट्या गेल्या. तिने त्याची चिठ्ठी दोरीवरून काढली आणि चिमटा खिशात टाकला.

"तुमची पाटी उद्या मिळेल."

म्हणजे संपलं. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः शिडी घेऊन रस्ता ओलांडून आली. "धरा."

त्याने धरली. पाटी वर लागली, देखणी, टपोऱ्या अक्षरांची. खाली बारीक ओळ होती : सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.

"मी तर आठपर्यंत सांगितलं होतं..."

"समोर बघा."

समोर तिच्या जुन्या पाटीखाली एक नवी, अजून ओली ओळ होती : संध्याकाळी सहाला बंद. अकरा वर्षांत त्या दुकानाला बंद व्हायची वेळच नव्हती.

ती खाली उतरली. शेवटच्या पायरीवर थांबून तिने खिशातला पिवळा चिमटा काढला आणि त्याच्या बाहीला लावला.

"काल फार राग आला होता. पण तुम्ही गप्प बसू शकला असता आणि बसला नाहीत. घरी जाताना तेवढंच डोक्यात राहिलं. दोरीवर गिऱ्हाइकं असतात. तुम्हाला तिथे नाही ठेवायचं मला."

"मग कुठे ठेवणार?"

गालावर आज पांढरा ठिपका होता आणि त्याच्याभोवती लाली चढत होती. "सहाला ये. सांगते."

ती 'ये' म्हणाली. शिडी खांद्यावर टाकून रस्ता ओलांडूनही गेली, तरी तो तिथेच उभा. मग आत येऊन त्याने भिंतीकडे पाहिलं. त्याच्या हातची सगळी घड्याळं अचूक तीन दाखवत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, यातलं एखादं तरी पुढे पळणारं असायला हवं होतं.