दाबलेला खोकला

भुताच्या गोष्टी रात्रीच घडतात, असं आपण धरून चालतो.

ही भर दुपारी घडली. आणि खरी आहे.

जिच्या बाबतीत घडली ती माझी मावसबहीण. तिला खोटं बोलायची सवय नाही. एकदाच बोलली, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. पाय घरात ठरत नाहीत, म्हणून. नोकरी लॅबमध्ये. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून थुंकीचे नमुने तपासायचे. जरा रजा साठली की पाठीला सॅक अडकवून एकटीच निघायची. कुठं एखादं जुनं देऊळ बघ, कुठं उत्सवाच्या गर्दीत फिर. मुक्काम कुणाच्या तरी घरगुती लॉजमध्ये.

"एकटी कशी गं जातेस? माणसांची भीती नाही वाटत?" मावशी विचारायची.

"माणसांची? त्यांची तर मी थुंकीसुद्धा ओळखते," ती म्हणायची.

त्या वर्षी ती एका देवळाच्या गावी गेली होती. उत्सव ऐन भरात होता. रात्रभर बसमध्ये बसून अंग आंबलेलं, डोळे चुरचुरत होते. जिथं विचारावं तिथं एकच उत्तर... जागा नाही.

शेवटी एका अरुंद गल्लीत एक दुमजली घर मिळालं. मालकानं राहत्या घरातल्याच खोल्या पाहुण्यांना दिल्या होत्या. बायको-मुलांसह तो स्वतः स्वयंपाकघरात झोपत होता. वरच्या मजल्यावर दोन खोल्या. एक भिंगरीला मिळाली.

"दुसरीत आमचे बाबा असतात," मालक म्हणाला. "त्यांची खोली तेवढी ठेवलीय. जिना झेपत नाही त्यांना आता."

खिडकीखाली ढोल बडवत होते. देवळाच्या घंटा, माणसांचा गलका, लाऊडस्पीकर. भिंगरी आडवी झाली आणि त्या सगळ्या गदारोळात तिचा डोळा लागलासुद्धा.

मग भिंतीपलीकडून...

शिट्टीसारखा बारीक श्वास. आणि पाठोपाठ खोकला.

ती जागी झाली.

पुन्हा डोळा लागला. पुन्हा शिट्टी. पुन्हा खोकला.

ढोलानं न मोडलेली झोप एका म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यानं मोडली. ढोल चालूच असतो, त्याची वाट बघावी लागत नाही. खोकल्याची बघावी लागते. आता येईल... आता येईल...

ती तणतणत खाली गेली.

"अहो, शेजारी फार खोकतायत."

"हो ताई. जुना दमा आहे. दुपारी जरा वाढतो."

"दमा कशावरून? तपासून घेतलंय?" भिंगरी म्हणाली. "मी लॅबमध्ये काम करते. रोज हेच बघते. मला हा खोकला बरा वाटत नाही. घरात एवढे पाहुणे आहेत. लागण झाली कुणाला तर?"

मालकाचा चेहरा खर्रकन उतरला. दारात चपला काढणाऱ्या पाहुण्यांकडे त्यानं पाहिलं.

"हळू बोला ताई," तो म्हणाला. "करतो मी काहीतरी."

तिचं खोटं ते हेच.

तो दमाच होता. भिंगरीच्या वडिलांना आयुष्यभर दमा होता. ती शिट्टी ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. लागणीचा इथं काही संबंध नाही, हे तिला पहिल्या खोकल्यालाच कळलं होतं.

तिला फक्त झोप हवी होती.

ती वर येऊन पडली. थोड्या वेळानं शेजारचं दार उघडलं. काठी टेकल्याचा आवाज. गादी फरशीवरून ओढल्याचा आवाज.

"बाबा, गच्चीवरच्या खोलीत वारा छान येतो," मालकाचा आवाज. गच्चीवरची खोली म्हणजे पत्र्याचं खोपटं होतं, ते तिनं येतानाच खालून पाहिलं होतं. दुपारचं ऊन रणरणत होतं.

"हळू बोल रे," म्हातारा आवाज म्हणाला. "पाहुण्यांची झोप मोडेल."

काठी तिच्या दारापाशी आली.

थांबली.

शिट्टी वाजली. भिंगरी डोळे मिटून वाट बघत राहिली...

खोकला आलाच नाही. दाराबाहेर कुणीतरी तोंडावर कापड घट्ट दाबून तो आतल्या आत जिरवला. मग काठी एकेक पायरी वर गेली.

भिंगरी गाढ झोपली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. ढोल चालूच होते. पण घरात... भांड्याचा आवाज नाही. मुलांची भांडणं नाहीत. नळसुद्धा कुणी सोडत नव्हतं.

ती खाली गेली. स्वयंपाकघरात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मालक उठून लगबगीनं तिच्याकडे आला.

"ताई, माफ करा हं. आता घरात माणसांची ये-जा होईल. तुम्हाला त्रास नको. गल्लीच्या टोकाला माझ्या मित्राचं घर आहे, तिथं तुमची सोय लावून देतो."

"काय झालं?"

"बाबा गेले. वरच. चहा द्यायला गेलो तेव्हा कळलं. आवाजसुद्धा केला नाही हो त्यांनी."

आणि तो पुढं म्हणाला,

"तुमची झोप तरी नीट झाली ना?"

टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली.

"हो," ती म्हणाली. आणि सॅक घेऊन निघाली.

पुढची सहल बऱ्याच दिवसांनी झाली. दुसरं गाव, दुसरं लॉज. दुपारी ती आडवी झाली. पंखा फिरत होता. बाकी शांतता.

आणि भिंतीपलीकडून...

शिट्टी.

ती ताडकन उठून बसली. आता खोकला येणार. वाट बघितली. पण आला तो फक्त एक गुदमरलेला आवाज. उशीत तोंड खुपसून कुणी ठसका दाबावा, तसा.

"शेजारी कोण उतरलंय?" तिनं लॉजवाल्याला विचारलं.

"शेजारी? कुणीच नाही. आम्ही जादा गाद्या ठेवतो तिथं."

भिंगरी विज्ञान शिकलेली बाई. तिनं आधी पाण्याचे पाइप पाहिले, मग पंखा, मग खिडकीतली कबुतरं. परत आल्यावर कान तपासून घेतले. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतके तल्लख कान या वयात बघायला मिळत नाहीत.

स्वतःच्या घरी कधीच काही ऐकू आलं नाही. जिथं ती पाहुणी म्हणून उतरेल, तिथंच. दुपारीच.

एकदा तिनं मुद्दाम टोकाची खोली घेतली. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला जिना. शेजार नावाला नाही.

त्या दुपारी शिट्टी जिन्यावरून आली.

भिंतीपलीकडे खोलीच नव्हती... म्हणून कुणीतरी पायरीवर बसलं होतं.

"घाबरले नाही गं मी," ती मला म्हणाली. "घाबरले असते तर बरं. मला लाज वाटली. इतकी, की भर उन्हाळ्यात पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. ते मला छळत नव्हते. माझी झोप मोडू नये म्हणून जपत होते."

तिला आता एकच हवं होतं. त्यांनी एकदा मोकळेपणानं खोकावं. बस्स.

त्यानंतर ती मुद्दाम निघाली. देऊळ, उत्सव काही बघायचं नव्हतं. एका साध्याशा गावात, एका बडबड्या मालकीणबाईंच्या घरी खोली घेतली आणि दुपार व्हायची वाट बघत बसली.

शिट्टी आली. ठसका दाबला गेला.

ती उठून खाली गेली.

"मला शेजारची खोली बदलून द्याल?"

"ती? अहो, तिथला पंखा नुसता कुरकुरतो. ह्या खोलीत काय ढेकूण चावले का तुम्हाला?"

"नाही हो. तीच हवीय."

"लोक वाईट खोली सोडून चांगली मागतात. तुमचं आपलं उलटंच!" मालकीणबाई हसत वर आल्या, कुलूप काढलं, खिडकी उघडली. "पडा आता खुशाल." आणि खाली गेल्या.

खोली रिकामी होती. पलंगावर इस्त्रीची चादर, एक सुरकुती नाही. फक्त उशी...

उशीच्या मधोमध एक ओला डाग होता. तोंडाएवढा.

तिनं हात लावला. डाग कोमट होता.

ती पलंगाच्या कडेवर बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "बाबा, तुम्हाला दमाच होता. मला माहीत होतं. मी झोपेसाठी खोटं बोलले. आता तुम्ही खोका. हवं तेवढं खोका. मी काही म्हणणार नाही."

काही नाही. नुसता पंखा कुरकुरत होता.

मग भिंतीपलीकडून... ती आत्ताच सोडून आली होती त्या खोलीतून...

काठी टेकल्याचा आवाज.

गादी फरशीवरून ओढल्याचा आवाज.

शिट्टी. आणि दाबलेला ठसका.

तिनं खोली मागितली, म्हणून त्यांनी पुन्हा खोली सोडली होती.

भिंगरीनं सॅक उचलली. दोन्ही खोल्यांची दारं सताड उघडी टाकली. चपला हातात घेऊन ती अर्धा जिना उतरली आणि वळणावर, वरून दिसणार नाही अशी, पायरीवर बसली. श्वासाचा आवाज होऊ नये म्हणून तोंडावर रुमाल धरला.

बराच वेळ गेला.

वर कुणी नाही, असं वाटावं इतका.

आणि मग तो आला. खराखुरा खोकला. छाती पिळवटून, खोलवरून, एकामागून एक. इतके दिवस अडवून धरलेला सगळा. मध्ये दम घ्यायला थांबत होता. पुन्हा येत होता. जिन्याचा कठडा हाताला थरथरताना जाणवत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक गळत होतं, पण तिनं ते ओढलंसुद्धा नाही.

खोका बाबा, ती मनात म्हणत होती. खोका.

"अहो!" खालून मालकीणबाईंचा आवाज आला. "पायरीवर काय बसलात? झोप नाही लागली का तुम्हाला?"

वर खोकला मध्येच तुटला.

त्यानंतर ती कुठंही मुक्कामाला गेलेली नाही.

गेल्या महिन्यात आमच्याकडे आली होती, तेव्हा तिनं हे सांगितलं. जेवणं झाली होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. आमची आतली खोली रिकामीच असते. एरवी मी कुणालाही म्हणाले असते, जरा आडवी हो, ऊन उतरलं की जा.

ती क्षणभर थांबली. मग पर्स उचलून म्हणाली, "निघते गं."

मी तिला थांब म्हणाले नाही.